कॉम्प्रेसरच्या खोक्यावर हवेचा आकडा छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : घरगुती वापराचे आणि छंदासाठीचे लहान एअर कॉम्प्रेसर

लहान, उचलून नेता येण्याजोगे एअर कॉम्प्रेसर आता गॅरेज आणि पंक्चरच्या दुकानांपुरते राहिलेले नाहीत. शाडूची गणेशमूर्ती घरीच रंगवू पाहणारी मंडळी, सुटीच्या दिवशी बाल्कनीत लाकूडकाम करणारे हौशी लोक, विमाने-रणगाड्यांच्या प्रतिकृती जोडून रंगवणारे तरुण आणि मोटारीच्या डिकीत हवा भरण्याचे यंत्र असावे असे वाटणारे प्रवासी, असा त्यांचा मोठा ग्राहकवर्ग तयार झाला आहे. पूर्वी असे यंत्र घ्यायचे तर मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात नाना पेठेत जाऊन दुकानदाराशी चार शब्द बोलावे लागत. आता बहुतेक खरेदी मोबाइलवर होते, आणि तेथे तीनच आकडे ठळक दिसतात: मोटर किती एचपीची, टाकी किती लिटरची आणि दाब किती पीएसआय. हे तिन्ही आकडे खरे मानले तरी त्यांवरून यंत्र आपले काम करील की नाही हे कळत नाही. ज्यावरून ते कळते तो आकडा, म्हणजे कामाच्या दाबाला यंत्र दर मिनिटाला प्रत्यक्षात किती हवा देते, बहुतेक खोक्यांवर आणि जाहिरातींत सापडत नाही. तो आकडा छापला जावा अशी मागणी करण्यासाठी, आणि तोवर ग्राहकाने निवड कशी करावी याविषयी चार गोष्टी सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीत देखभाल विभागात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हा प्रकार विशेष खटकतो. हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकची स्थापना १९५८ सालची, दापोडीला अ‍ॅटलास कॉप्को. म्हणजे कॉम्प्रेसर हे या शहराला नवे यंत्र नव्हे. कारखान्यासाठी कॉम्प्रेसर घेताना खरेदी विभागातला नवखा मुलगाही पहिला प्रश्न ‘एफएडी किती?’ असा विचारतो. बाहेरची हवा आत ओढून, दाबून, शेवटी नळीच्या तोंडाशी मिनिटाला किती येते आणि ती कोणत्या दाबाला येते, याचा तो आकडा असतो. तो माहितीपत्रकात नसेल तर पुढची बोलणी होत नाहीत. त्याच शहरात स्वतःच्या खिशातले आठ-दहा हजार रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला मात्र ही माहिती मागण्याची सोय नाही, कारण ती मागायची असते हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

काही खोक्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘७ सीएफएम’ किंवा ‘८ सीएफएम’ (सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट) असे छापलेले असते, आणि ग्राहकाला वाटते की हाच तो आकडा. बहुधा तो दट्ट्याच्या (पिस्टनच्या) मापावरून केलेला नुसता गुणाकार असतो. समजा, ४७ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या ४० मिलिमीटर वरखाली होतो; म्हणजे दर फेऱ्याला सुमारे ६९ घनसेंटिमीटर जागा मोकळी होते. मोटर मिनिटाला २,८५० फेरे घेते, तेव्हा गुणाकार १९८ लिटर येतो. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, म्हणून हे झाले ७ सीएफएम. कागदावर यात काही चूक नाही. प्रत्यक्षात दट्ट्या अगदी वर पोहोचला तरी त्याच्या डोक्यावर आणि झडपांच्या खाचांत थोडी दाबलेली हवा उरतेच. दट्ट्या खाली येऊ लागला की ती पुन्हा फुगते आणि तेवढी नवी हवा आत येऊ देत नाही. सिलिंडर तापलेला असल्याने आत शिरणारी हवाही तापून विरळ होते. काही हवा रिंगांवरून आणि झडपांतून निसटते. दाब जितका वाढत जाईल तितकी ही तूट वाढत जाते. परिणामी कागदावरच्या ७ सीएफएमचे ७ बारच्या (सुमारे १०० पीएसआयच्या) दाबाला ४ सीएफएमही क्वचितच उरतात.

एचपीच्या आकड्याचेही असेच आहे, पण तो घरबसल्या तपासता येतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. मोटरवरच्या पट्टीवर अँपिअरचा आकडा कोरलेला असतो तो पाहावा. २३० व्होल्टला ५ अँपिअर घेणारी मोटर ११५० वॉटच्या वर वीज ओढूच शकत नाही. मग तिच्यातून २ एचपी, म्हणजे १,४९२ वॉट, बाहेर कसे पडणार? जाहिरातीतले एचपी आणि पट्टीवरचे अँपिअर जुळत नसतील तर उरलेल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा हे ग्राहकाने ठरवावे. लहान, एकाच टप्प्यात हवा दाबणाऱ्या यंत्रात एका खऱ्या एचपीमागे अडीच-तीन, फार तर साडेतीन सीएफएम मिळतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळशा जाहिराती आपोआप उघड्या पडतात.

यंत्र दुकानात चालू करून पाहता येत असेल, तर प्रत्यक्ष हवा मोजण्याची एक सोपी रीत आहे आणि तिला मोबाइलच्या स्टॉपवॉचखेरीज काही लागत नाही. बाहेर जाणारा कॉक बंद ठेवून यंत्र सुरू करावे. दाबाचा काटा ४ बारवर आला की स्टॉपवॉच सुरू करावे आणि ६ वर पोहोचताच थांबवावे. टाकीच्या लिटरांना दाबातल्या वाढीने गुणले की टाकीत किती हवा शिरली ते कळते. टाकी २४ लिटरची आणि वाढ २ बारची, म्हणजे ४८ लिटर. त्याला ३० सेकंद लागले असतील तर यंत्र मिनिटाला ९६ लिटर, म्हणजे सुमारे ३.४ सीएफएम हवा देते. टाकीत नुकती शिरलेली हवा गरम असल्यामुळे हा आकडा किंचित फुगलेलाच येतो, म्हणजे खरा त्याहून थोडा कमी धरावा. काट्यावर बारऐवजी किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिहिले असेल तर या हिशेबापुरते दोन्ही सारखेच समजावेत; पीएसआय असेल तर साडेचौदा पीएसआयचा एक बार. माझ्या अनुभवात, ही चाचणी करू द्या म्हटल्यावर दुकानदार जे काही बोलतो त्यातूनही बरेच कळते.

टाकी मोठी घेतली म्हणजे हवा जास्त मिळेल, हा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. गच्चीवर मोठी टाकी बांधल्याने खालचा पंप जास्त पाणी चढवू लागत नाही, तसेच हे आहे. २४ लिटरची टाकी ८ बारला भरून मोटर थांबते आणि दाब ६ बारवर उतरला की पुन्हा सुरू होते, असे बहुतेक लहान यंत्रांत असते. या दोन दाबांच्या मध्ये आपल्या हाती येणारी हवा ४८ लिटर. मिनिटाला ११० लिटर हवा खाणारी लहान स्प्रे गन ती अर्ध्या मिनिटाच्या आत संपवते, आणि त्यानंतर रंगाचा पट्टा एकसारखा पडणार की फवारा मलूल होत जाणार हे टाकीवर नव्हे, पंपावर ठरते. ५० लिटरची टाकी हा विसावा दुप्पट करते आणि त्यासोबत वजनही वाढवते. २४ लिटरचे साधे यंत्रच वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने खोक्यावरचा ‘पोर्टेबल’ हा शब्द या वजनाच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा.

तेव्हा प्रश्न कामाचा. ज्यांना केवळ चाकांत हवा भरायची आहे त्यांना टाकीच्या कॉम्प्रेसरची गरजच नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. लहान मोटारीच्या एका चाकात साधारण २५ ते ३० लिटर जागा असते. दाब २५ पीएसआयवर उतरलेला असेल आणि तो ३३ करायचा असेल तर फरक अर्ध्या बारच्या थोडा वर. म्हणजे पंधरा-सोळा लिटर हवा पुरते. मिनिटाला पंधरा-वीस लिटर देणारे १२ व्होल्टचे छोटे यंत्रही हे काम मिनिटभरात करते. पूर्ण बसलेल्या चाकाला साठ-सत्तर लिटर लागतात, त्याला चार-पाच मिनिटे द्यावी लागतील एवढेच. स्कूटरचे चाक तर याच्या पाचव्या हिश्शाचेही नसते. शर्यतीच्या सायकलीचे गणित उलटे आहे: चाकात जागा जेमतेम लिटरभर, पण दाब ८० ते १०० पीएसआय. तेथे हवेपेक्षा दाब महत्त्वाचा, आणि जमिनीवर उभा ठेवून मारायचा हातपंप ते काम विनातक्रार करतो. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणे तेल कंपन्यांच्या नियमावलीनुसार पंपचालकांना बंधनकारक आहे, याचीही आठवण येथे करून द्यावीशी वाटते. ‘मशीन बंद आहे’ हे उत्तर आपण सगळे फार सहज ऐकून घेतो.

तरीही रात्री-अपरात्री घाटात चाक बसले तर आपले यंत्र आपल्यापाशी हवेच, आणि काही नव्या मोटारींत जादा चाकाऐवजी हवा भरण्याचे यंत्रच दिले जाऊ लागल्याने ही गरज वाढली आहे. असे १२ व्होल्टचे यंत्र घेताना ते किती अँपिअर ओढते ते पाहावे. पुष्कळ मोटारींच्या डॅशबोर्डवरील सॉकेटची मर्यादा १२० वॉट, म्हणजे १० अँपिअर असते. १५ अँपिअरचे यंत्र त्यात खोचले की फ्यूज जातो. जोमदार यंत्रांना थेट बॅटरीला लावायचे चिमटे असतात ते याचसाठी. इंजिन चालू ठेवून हवा भरावी, नाही तर त्याच घाटात दुसरी अडचण उभी राहते. ‘१५० पीएसआय’ या ठळक अक्षरांना भुलू नये. मोटारीच्या चाकाला ३३ ते ३६ पीएसआय पुरतात, आणि १५० चा आकडा यंत्र जेथे अडून बसते तेथला असतो. त्यापेक्षा पुस्तिकेत ‘सलग किती मिनिटे चालवावे’ हे शोधावे. दहा मिनिटे चालवून तेवढीच विश्रांती द्या, असे लिहिलेले असेल तर ती सूचना गांभीर्याने घ्यावी, कारण अंगठ्याएवढा सिलिंडर त्याहून जास्त ताप सोसत नाही. बॅटरीवर चालणारी, मुठीत मावणारी यंत्रे सोयीची खरी, पण चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या बंद मोटारीत लिथियमची बॅटरी ठेवणे मला पटत नाही. तिकडच्या वाचकांनी वायरचे यंत्रच घ्यावे.

मूर्ती किंवा प्रतिकृती रंगवण्यासाठी एअरब्रश वापरणाऱ्यांची गरज सर्वांत कमी हवेची असते. १५ ते ३० पीएसआय दाब आणि मिनिटाला दहा-पंधरा लिटर हवा, एवढ्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आणि शेल्याच्या छटा व्यवस्थित होतात. त्यांनी २ एचपीचे यंत्र घेऊन ठेवणे म्हणजे पैसे आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध दोन्ही वाया घालवणे आहे. एअरब्रशसाठीच बनवलेले, सुमारे १/६ ते १/५ एचपीचे, तीनएक लिटरची टाकी असलेले छोटे यंत्र त्यांना पुरते. टाकी येथे मात्र आग्रहाने घ्यावी. तिच्याशिवाय दट्ट्याचा प्रत्येक ठोका हवेत उमटतो आणि बारीक रेघ थरथरते. पेण, हमरापूर भागातल्या कारखान्यांत मोठ्या कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या गन पाहून आलेल्यांना हे छोटे यंत्र खेळण्यासारखे वाटते. पण तेथे एका दिवसात कैक मूर्तींवर हात फिरवायचा असतो, आपल्याला घरच्या एकीवर.

लाकूडकामात पिन गन (हवेच्या दाबाने बारीक खिळे ठोकणारे हत्यार) चालवणाऱ्यांनाही फार हवा लागत नाही. दाब सहा-सात बार हवा, पण एका पिनेमागे खर्च साधारण लिटरभराचा, आणि दोन पिनांमध्ये माणूस फळी जुळवत असतो, तेवढ्यात पंप भरून काढतो. येथे टाकीचा खरा उपयोग होतो; पाऊण-एक एचपीचे, चांगल्या टाकीचे यंत्र पुरेसे ठरते. दरवाजे, ग्रिल, कपाटे यांना गनने रंग मारायचा म्हटले की चित्र पालटते. लहान गनला तीन ते पाच सीएफएम लागतात, मोठ्या वाटीच्या गनला आठ ते बारा. घरगुती सॉकेटवर चालणारे कोणतेही हलके यंत्र ही दुसरी मागणी पुरवू शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. हवेवर चालणाऱ्या पॉलिशपेपरच्या सँडरची भूकही तेवढीच, म्हणून त्याचा विचार सोडून विजेचा सँडर घ्यावा. वर्षातून एकदा ग्रिल रंगवणाऱ्याला तर कॉम्प्रेसरशिवाय चालणारी विजेची स्प्रे गन स्वस्त पडते. संगणकाची, एसीच्या जाळीची आणि शिलाई मशीनची धूळ उडवण्यासाठी कॉम्प्रेसर घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना पाचशे-सहाशे वॉटचा ब्लोअर पुरला असता.

विजेचा मुद्दा थोडक्यात. २ एचपीचे खरे यंत्र चालताना आठ-नऊ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट लागते. ६ अँपिअरच्या सॉकेटला बारीक वायरचे एक्स्टेंशन जोडून ते चालवू नये. लांबी कमी पडली तर विजेची वायर न वाढवता हवेची नळी वाढवावी, कारण वायरमध्ये व्होल्ट पडले की मोटर सुरू होताना गुरगुरत अडकते आणि तिचे वेटोळे जळते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालेल अशी आशा ठेवू नये.

आवाजाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सोसायट्यांतल्या तक्रारी बहुतांशी त्यावरूनच उद्भवतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही वातावरणातील आवाजाची मर्यादा आहे. थेट मोटरवर बसवलेला, २,८०० फेऱ्यांचा, बिनतेलाचा साधा कॉम्प्रेसर जवळून ८५ ते ९५ डेसिबलपर्यंत जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की सहा डेसिबल कमी होतात हे खरे, पण डक्ट असलेल्या इमारतीत तसे घडत नाही. तेथे आवाज खालपासून वरपर्यंत घुमतो. ‘सायलेंट’ म्हणून विकली जाणारी यंत्रे ६० ते ७० डेसिबलच्या आसपास असतात आणि तेवढ्या फरकासाठी जादा पैसे द्यावेत असे माझे मत आहे. ते खरोखर सायलेंट आहे का हे ओळखण्याची एक खूण पट्टीवरच असते: मोटरचे फेरे १,४०० च्या आसपास असतील तर दावा बहुधा खरा, २,८०० असतील तर शंका घ्यावी. यंत्राखाली जाड रबराची चटई टाकल्याने खालच्या मजल्यावर पोहोचणारी थरथर बरीच कमी होते.

तेलाचे की बिनतेलाचे, हा प्रश्न सगळेच विचारतात. बिनतेलाच्या यंत्रात टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या रिंग असतात. देखभाल नाही, हवा स्वच्छ, आडवे ठेवून नेले तरी गळत नाही, पण रिंगांचे आयुष्य मर्यादित असते. तेलाचे यंत्र जास्त टिकते आणि सावकाश चालते, मात्र त्याच्या हवेतून तेलाचे सूक्ष्म कण येतात, आणि ते रंगात पडले की पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे उमटतात. पेंटर त्यांना ‘फिश आय’ म्हणतात. महिन्यातून दोनदा वापरणाऱ्याला बिनतेलाचे पुरते. रोज तासभर चालवणाऱ्याने तेलाचे घ्यावे, तेल कॉम्प्रेसरचेच घालावे, मोटरसायकलचे उरलेले नव्हे.

आता पाण्याविषयी. ही गोष्ट खोक्यावर कोणीच छापत नाही, आणि कोकणात व मुंबईत ती सर्वांत जास्त भोवते. पावसाळ्यात ३० अंश तापमानाला आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ती हवा ७ बारला दाबून टाकीत भरली की तिचे आकारमान आठव्या हिश्शावर येते, आणि थंड झाल्यावर तेवढ्या जागेत जेमतेम चार ग्रॅम वाफ राहू शकते. उरलेले बावीस ग्रॅम पाणी होऊन खाली उतरते. मिनिटाला १०० लिटर देणारे यंत्र दहा मिनिटांत एक घनमीटर हवा ओढते, म्हणजे दहा मिनिटांच्या कामात चार चहाचे चमचे पाणी. त्यातले काही नळीवाटे रंगात जाते आणि फवाऱ्यातून थेंब उडतात; राहिलेले टाकीच्या तळाशी साचून पत्रा आतून खाते. म्हणून काम संपल्यावर दाब बराच उतरवून टाकीखालचा ड्रेन कॉक प्रत्येक वेळी उघडावा. पहिल्यांदा उघडताना तांबूस पाणी आले तर समजावे की हे फार पूर्वीच करायला हवे होते. कॉक टाकीच्या अगदी खालच्या बिंदूला आहे ना आणि बोटांनी फिरवता येतो ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. काही यंत्रांत तो अशा अडचणीत बसवलेला असतो की कोणी त्याच्या वाटेला जात नाही. रंगासाठी पाणी गाळणारा फिल्टर वेगळा घ्यावा आणि तो पंपाला चिकटून न लावता नळीच्या पुढच्या टोकाकडे लावावा, कारण पंपाशेजारची हवा गरम असते आणि तिच्यातले पाणी अजून वाफच असते. ते फिल्टरला सापडत नाही.

आतून गंजलेली टाकी ही केवळ नुकसानीची बाब नव्हे. ८ बारचा दाब कोंडलेला पत्रा फाटला तर माणूस जायबंदी होतो. जुन्या बाजारातून टाकी घेऊ नये आणि भोक पडलेली टाकी वेल्डिंग करून वापरू नये. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून तो मोकळा आहे याची खात्री करावी. त्यातून हवा सुटते म्हणून तो आवळून बंद करणारे महाभाग आहेत, म्हणून हे लिहिले. घरात हवेची लाइन टाकायला नळाचा पीव्हीसी पाइप वापरू नये, कारण तो दाबाखाली फुटतो तेव्हा त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात. अंगावरची धूळ झटकण्यासाठी हवा मारू नये, आणि थट्टेतही कोणाच्या शरीराला नळी लावू नये. अशा थट्टेतून जीव गेल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतच असतात. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग बंद खोलीत फवारणाऱ्यांनी त्यातील आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन साध्या कापडी मास्कने अडत नाही हे ध्यानात ठेवावे.

हे सगळे ग्राहकाने शिकून घ्यावे, हे ठीक. पण छताच्या पंख्याच्या खोक्यावर तो मिनिटाला किती घनमीटर हवा देतो हे छापलेले असते, मग हवा देणे हे ज्याचे एकमेव काम आहे त्या यंत्राच्या खोक्यावर ते का नसावे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(२८) नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. दट्ट्याचा गुणाकार छापायचा आणि प्रत्यक्ष हवा छापायची नाही, हा प्रकार त्या व्याख्येच्या किती जवळ जातो याचा विचार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने करावा, अशी माझी विनंती आहे. कामाच्या दाबाला मिळणारी हवा, सलग चालवण्याची मर्यादा, एक मीटरवरचा आवाज आणि पट्टीवरचे अँपिअर, या चार गोष्टी खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर एकाच आकाराच्या अक्षरांत याव्यात. भारतीय मानक ब्युरोने त्यासाठी नमुना ठरवून दिला तर प्रामाणिक उत्पादकांचेच भले होईल, कारण आज खरा आकडा छापणारा बाजारात दुबळा दिसतो. दरम्यान ज्यांना फसवणूक झाल्याचे वाटते त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीसोबत मोटरच्या पट्टीचे छायाचित्र जोडावे.

आयात केलेल्या यंत्रांबाबत एक व्यावहारिक सूचना. आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश खोक्यावर असणे वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार आवश्यक आहे. ते नसेल तर यंत्र घेऊ नये, कितीही स्वस्त मिळत असले तरी. असले तर त्या पत्त्यावर ई-मेल करून प्रेशर स्विच (दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा), एनआरव्ही (टाकीतली हवा पंपाकडे परतू न देणारी झडप) आणि पिस्टन रिंग या तीन सुट्या भागांची किंमत आधी विचारावी, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुधा याच तीन गोष्टी जातात, आणि त्या मिळत नसल्या तर तीसएक रुपयांच्या रबरी चकतीपायी अख्खे यंत्र भंगारात काढावे लागते.

आपला,
एक वाचक,
चिंचवड, पुणे